दरडीचा पत्ता

लुवेनिया गॅस्किन लहानपणापासून अर्धी इथं आणि अर्धी कुठंतरी दुसरीकडेच असायची. हाक मारली की ती 'ओ' द्यायची, पण तो 'ओ' येईपर्यंत हाक मारणाऱ्याचं काम उरकलेलं असायचं. चर्चमध्ये सगळे उभे राहिले की ही बसलेली, आणि सगळे बसले की ही उभी. टॅनर्स फोर्डच्या बायका म्हणायच्या, "मर्टिसची पोर गुणाची आहे हो, फक्त घरी नसते."

त्या गावात स्वप्नाळू होणं तसं अवघड नव्हतंच. जॉर्जियाच्या त्या पट्ट्यात जमिनीखाली जिकडेतिकडे पांढरी माती, शाडूसारखी मऊ. खडूच्या खाणी गावाच्या तिन्ही बाजूंना. ट्रक दिवसभर जायचे-यायचे आणि पाइनची झाडं, टपालपेट्या, दोरीवरचे कपडे, कुत्री, सगळ्यांवर पांढुरकी भुकटी बसायची. उन्हाळ्याच्या दुपारी हवाच दुधाळ होऊन जायची. रस्त्यावरून येणारं माणूस दोन घरांवर आलं तरी कोण ते ओळखू यायचं नाही. आधी टोपी दिसायची, मग हात, मग हसू. अशा गावात जन्मलेली मुलगी उघड्या डोळ्यांनी झोपायला शिकली, तर तिला बोल लावण्यात अर्थ नाही.

ती पांढरी माती गावातल्या बायका खात. चोरून नाही आणि उघडउघडही नाही. मळमळलं, दिवस गेले, नवरा घरी परतला नाही, किंवा नुसतंच पाद्रीबुवांचं प्रवचन लांबलं, की पर्समधल्या रुमालातून एक ढेकूळ निघायचं. बाकावर शेजारी बसलेली बाई हात पुढे करायची, तिला एक तुकडा मिळायचा. पण माती कुठली, हे कुणी कुणाला विचारत नसे. प्रत्येक घराण्याची आपली दरड होती. ओढ्याकाठी, झाडीत, कुठेतरी एक कापलेला पांढरा उंचवटा. आई आपल्या मुलीला तो दाखवायची, तोही मुलीला पहिल्यांदा दिवस गेले की मगच. दोघीच जायच्या, एक बादली आणि एक खुरपं घेऊन. परत आल्यावर त्याबद्दल बोलायचं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही, नवऱ्याला तर नाहीच.

गॅस्किन घराण्याची दरड फक्त लुवेनियाच्या आजीला ठाऊक होती; तिला सगळं गाव आदराने 'मिस ओझेला' म्हणायचं. खरं तर तिने ती मर्टिसला दाखवायची. पण लुवेनियाच्या वेळी दिवस गेले तेव्हा मर्टिस ठणकावून म्हणाली, "आई, मी माती खाणार नाही. आपण काय गांडुळं आहोत?" मर्टिस जिल्ह्याच्या इस्पितळात धुलाईखात्यात होती, इस्त्रीचा गणवेश घालायची, आणि तिला वाटायचं की आपण आता पुढे आलोय. पुढे आलेल्या मर्टिसने काय करावं? तिने धुलाईच्या डब्यातल्या स्टार्चचे खडे खायला सुरुवात केली. सात महिन्यांत तिने जिल्ह्याच्या निम्म्या चादरींचा कडकपणा पोटात घातला. डबा छापील होता, दुकानातून आलेला होता, म्हणून ते सभ्य. मिस ओझेला यावर काहीच बोलली नाही. तिचं न बोलणं मात्र बावीस वर्षं चाललं होतं.

म्हातारीचा जीव लुवेनियावर. दर शनिवारी सकाळी ती बादली घेऊन पाइनच्या झाडीत जायची आणि दुपारी परतायची. मग ती माती ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळायची, घरभर आंबूस-धुरकट वास सुटायचा, आणि संध्याकाळी ओसरीवर बसून आजी आणि नात एक-एक तुकडा जिभेवर ठेवायच्या. बोलायच्या नाहीत फारशा. लुवेनियाला वाटायचं, तुकडा विरघळतो तसे आपणही थोडे विरघळतो, आणि अंगणातलं पीकनचं झाड थोडं जवळ येतं.

पुढे ती काळ्यांच्या जुन्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकायला गेली. कॉलेज गरीब होतं. प्रयोगशाळेतलं अर्धं काचसामान दुसऱ्या कुठल्या कॉलेजाने टाकून दिलेलं. पण तिथे डॉक्टर ब्रॅझेल होते. सत्तरीला आलेले, टाय कधीही सरळ नसलेले, विद्यार्थ्यांना 'मिस्टर' आणि 'मिस' म्हणणारे. त्यांनी तिला विचारलं, "मिस गॅस्किन, तुम्ही खिडकीबाहेर काय बघता एवढं?"

"काही नाही, सर. आमच्या गावची माती आठवते."

"मग तीच घेऊन या. आठवण्यापेक्षा मोजा."

तिने दोन चंचुपात्रांत निळा रंग घातलेलं पाणी घेतलं. एकात दुकानात पिशवीतून मिळणारी पांढरी माती टाकली, दुसऱ्यात आजीची. दुकानाच्या मातीत पाणी निळंच राहिलं, जरासं फिकट. आजीच्या मातीतलं पाणी बघता बघता निवळलं. निळाई खाली गाळात जाऊन बसली आणि वर असं स्वच्छ पाणी उरलं की त्यातून पलीकडची खिडकी दिसायला लागली. लुवेनिया खुर्ची ओढून त्या पात्रासमोर बसून राहिली. जेवणाची घंटा झाली, ती उठली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती संपूर्णपणे एकाच जागी होती.

डॉक्टर ब्रॅझेलनी प्रयोग सात वेळा करून घेतला आणि मग कपाटातून एक फॉर्म काढला. न्यू जर्सीतली कॉर्विन नावाची औषधकंपनी दरवर्षी देशभरातल्या बारा काळ्या विद्यार्थ्यांना फेलोशिप द्यायची. कंपनीच्या प्रयोगशाळेत जागा, शिकवायला एक शास्त्रज्ञ, आणि पुढे डॉक्टरेट होईपर्यंतचा सगळा भार कंपनीवर. "मी तुमच्या वयाचा असताना असलं काही नव्हतं," ते म्हणाले. "मी उन्हाळ्यात हॉटेलातल्या पायऱ्या पुसायचो आणि मनातल्या मनात समीकरणं सोडवायचो. तुम्ही अर्ज भरा. नाही मिळाली तर तुम्ही शाळामास्तरीण व्हाल, त्यात कमीपणा नाही. पण ही माती मग कुणी मोजणार नाही."

तिने अर्जात लिहिलं की आमच्या भागातल्या एका खास थरातली माती दुकानी मातीपेक्षा रंग, आणि बहुधा विषही, जास्त शोषते, आणि हा थर वेगळा का आहे ते मला शोधायचंय. बायका ती खातात, हे लिहिलं नाही. मर्टिसने अर्ज वाचून समाधानाने मान डोलावली. मुलाखतीचं बोलावणं आलं. निघायच्या दिवशी बसथांब्यावर तिने लेकीची कॉलर नीट केली आणि कानाशी म्हणाली, "ते मोठे लोक आहेत. तिथं जाऊन माती खाऊ नकोस. आपली आजी खाते हेही बोलायचं नाही. समजलं?"

"समजलं, आई."

आता न्यू जर्सीतल्या त्या इमारतीचं काय सांगायचं! भिंती पांढऱ्या, फरशी पांढरी, कोट पांढरे. दुसरं कुणी बुजलं असतं, पण लुवेनियाला उलट घरी आल्यासारखं वाटलं. मुलाखत छान झाली. समितीत तिघं होती. प्रमुख होत्या डॉक्टर थॉमसीन रकर, पन्नाशीच्या, काळ्या, केस अगदी बारीक कापलेले, चष्मा गळ्यात. त्या कमी बोलायच्या. मग सगळे तिला प्रयोगशाळा दाखवायला घेऊन गेले. तिने टपालाने पाठवलेली माती तिथे दळून ठेवली होती. टेबलावर दोन सारख्याच बरण्या होत्या. समितीतला एक उंच, लालसर चेहऱ्याचा गृहस्थ ओशाळून म्हणाला, "आमच्याकडून चिठ्ठ्यांची अदलाबदल झालेली दिसते. मिस गॅस्किन, यातली तुमची कुठली, सांगता येईल?"

त्याला म्हणायचं होतं, कुठली चाचणी करून ओळखता येईल. लुवेनियाने पहिल्या बरणीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग दुसऱ्या बरणीत. डोळे मिटले.

"ही," ती म्हणाली. "आणि दुसरी चुकीच्या थराची आहे. तोंडात वाळू राहते."

प्रयोगशाळेत काहीही तोंडात घालायचं नाही, हा नियम तिला डॉक्टर ब्रॅझेलनी पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला, पहिल्या वाक्यात सांगितला होता. तो तिला पाठ होता. पण ही तर माती होती. आपल्या माणसांत मातीची पारख हाताने कोण करतं?

"तुम्ही आत्ता काय केलंत?" लालसर गृहस्थांनी विचारलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, घाबरलेला होता. "त्या बरणीत काहीही असू शकलं असतं!"

लुवेनियाच्या कानात आई ओरडत होती. चूक झाली म्हण, घाईत झालं म्हण. ती म्हणाली, "सॉरी, सर. चुकलं माझं. आमच्याकडे ही माती खातात. माझी आजी खाते. मी खाते. पोट बिघडलं की खातात, दिवस गेले की खातात. मी अर्जात लिहिलं नाही, कारण लाज वाटली. पण हा प्रश्न मला त्या पात्रात नाही पडला. तोंडात पडला." मग तिचे डोळे भरून आले आणि तिला स्वतःचा भयंकर राग आला.

डॉक्टर रकरनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "माती कुठली?" त्यांनी विचारलं.

"टॅनर्स फोर्डची, मॅडम."

"ते गाव झालं. जागा कुठली? ओढा, उतार, किती खोल?"

"मला माहीत नाही. ते आजीला माहीत आहे."

"मिस गॅस्किन, तुमचा सगळा अर्ज म्हणतो की थर खास आहे. आणि तो थर कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. जिचा पत्ता नाही, त्या मातीवर मी कुणाला पाच वर्षं देऊ शकत नाही." त्या हे शांतपणे म्हणाल्या, आणि तेच जास्त लागलं. "पंधरा तारखेपर्यंत जागा लिहून पाठवा. मग बघू. बोट तोंडात घातल्याचंही मग बघू."

लुवेनिया घरी आली तेव्हा पंधरा तारखेला नऊ दिवस होते. मिस ओझेला ओसरीवर बटरबीन सोलत बसली होती. लुवेनियाने सगळं सांगितलं, जिभेचंसुद्धा. ते ऐकून म्हातारी इतकी हसली की शेंगा मांडीवरून खाली सांडल्या. पण जागेचं विचारल्यावर हसू थांबलं.

"दिवस गेले की दाखवीन."

"आजी, मला लग्नसुद्धा करायचं नाहीये अजून!"

"मग थांब. दरड काही पळून जात नाही."

"नऊ दिवसांनी सगळंच जाईल. मला मोजायचंय गं ते. मला दुसरं काही नकोय."

"तुझ्या पणजीने मला दाखवली तेव्हा मी सहा महिन्यांची पोटुशी होते. चालता येत नव्हतं. त्याआधी किती वेळा विचारलं असेन मी, तिने दाखवली का? नाही. रीत म्हणजे रीत." असं म्हणून तिने बटरबीनचं टोपलं उचललं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. जाळीचं दार एरवी लावायची तिची पद्धत नव्हती.

पुढचे सहा दिवस लुवेनिया आजीच्या मागे फिरली. तिने मिनतवाऱ्या केल्या, अबोला धरला, कोलार्डची भाजी निवडून दिली, आजीच्या पायांना तेल लावलं. म्हातारी हूं की चूं करेना. शनिवार आला तर ती म्हणाली गुडघे दुखतात, आज जात नाही. डॉक्टर रकरनी सोबत दिलेला फॉर्म रात्रंदिवस स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडलेला, आणि त्यातली 'मूळ ठिकाण' ही रिकामी ओळ. लुवेनियाला ती ओळ डोळे मिटले तरी दिसायची. कधी त्या ओळीवरून पाणी वाहायचं, कधी तिच्या टोकाला एक पांढरा उंचवटा दिसायचा आणि ती चालत चालत तिथं पोचणार एवढ्यात कुणीतरी हाक मारायचं.

सोमवारी संध्याकाळी मर्टिस कामावरून आली, पायातले बूट काढले आणि फॉर्म स्वतःकडे ओढला. "आण इकडे पेन. लिही, बेथेल झऱ्याच्या खाली, डाव्या हाताला, चार फूट खोल. त्यांना काय कळतंय? न्यू जर्सीचा माणूस इथे चिखलात उतरून बघणारेय?"

"आई, ते खोटं आहे."

"अगं, खोटं काय त्यात? झरा आहे, डावा हात आहे, चार फूट आहे! एका ओळीपायी आयुष्य घालवणार का तू? माझ्यासारखी चादरी मोजत बसणारेस का?" मर्टिसचा आवाज चिरकला. तिच्या बोलण्यात राग कमी आणि भीती जास्त होती, आणि ते लुवेनियाला कळत होतं. तिने पेन घेतलं. 'बेथेल' एवढं लिहिलं.

मिस ओझेला शेगडीपाशी मक्याची भाकरी उलटत होती. तिने गॅस बंद केला. "खोड ते," ती म्हणाली. "माझ्या आईच्या दरडीच्या नावानं खोटं लिहायचं नाही या घरात." मग कोपऱ्यातलं खुरपं घेतलं, गुडघे विसरली, आणि मागच्या दाराने बाहेर पडली. "येतेयस ना? की तुझी पालखी काढू?"

ऊन उतरलं होतं. पाइनच्या सुया पायाखाली मऊ, आणि झाडीतून धूळ अशी तरंगत होती की झाडं जमिनीपासून सुटलेली वाटत होती. आजी पुढे, नात मागे. लुवेनियाच्या मनात येत होतं, आपल्याला दिवस गेलेले नाहीत, तरी आजी दाखवायला निघाली, आपण घराण्यातल्या पहिल्याच. तिने वळणं मनात मोजायला घेतली. पडकी तंबाखूची खोपटी, मग ओढा, मग एक लांबलचक चढ. चढ संपला आणि झाडीही संपली.

समोर खाण होती. गावातल्या कुठल्याही खाणीपेक्षा मोठी, पांढऱ्याशुभ्र कडांची, आणि आता कामातून गेलेली. तळाशी पाणी साठलं होतं, हिरवट निळं, आणि ते इतकं स्तब्ध होतं की आकाश वर की खाली ते कळेना. एक बगळा काठावर उभा होता. लुवेनियाला ते दृश्य फार सुंदर वाटलं. ती क्षणभर तिथेच विरघळली.

"इथून कुठे जायचं?" तिने विचारलं.

मिस ओझेलाने खुरपं उचललं आणि पाण्याच्या मध्यावर रोखलं. "तिथं."

लुवेनियाला कळायला वेळ लागला. बगळा उडाला, पाण्यावर रेघ उमटली, पुसली गेली, तेव्हा कळलं.

"तुझ्या आजोबांनी कागदावर सही केली होती," म्हातारी म्हणाली. "मी लग्न होऊन आले त्याच वर्षी. वरची जमीन तुमचीच, आम्ही फक्त खालचं पांढरं नेऊ, खाणवाले म्हणाले. त्याला काय माहीत, खालचं पांढरं माझं होतं ते? मी सांगितलंच नव्हतं. नवऱ्याला सांगायचं नसतं ना." ती जरा थांबली. "पन्नास वर्षं कुणी फिरकलं नाही. मला वाटलं विसरले. सहा वर्षांमागे यंत्रं आली. तीन दिवसांत गेली दरड."

"सहा वर्षं?" लुवेनिया म्हणाली. "मग मी काय खात होते? मी पाठवलं काय तिथं?"

आजी एका कापलेल्या बुंध्यापाशी गेली, पाला बाजूला केला आणि खालून चरबीचा जुना पत्र्याचा डबा ओढून काढला. त्यात दुकानी मातीच्या पिशव्या होत्या. तीच माती, जिच्यात पाणी निळंच राहत होतं. पिशवीवर ठळक छापलेलं, खाण्यासाठी नाही. चर्चची गाडी पलीकडच्या गावी जायची, तिथल्या पेट्रोलपंपावर तिला कुणी ओळखत नव्हतं. तिथून ती पिशव्या आणायची, इथं लपवायची, आणि शनिवारी बादलीत ओतून घरी न्यायची.

लुवेनिया बुंध्यावर बसली. खास थर, खास माती, सात वेळा केलेला प्रयोग, बारांमधली एक जागा. "तू मला फसवलंस," ती म्हणाली. "सहा वर्षं. मी सगळ्या जगाला सांगून बसले, आजी!"

"हो, फसवलं." म्हातारी तिच्याकडे न बघता पाण्याकडे बघत होती. "तुझ्या आईने पाठ फिरवली. तू एकटी माझ्याशेजारी बसून खायचीस. तुला काय सांगू, आपल्याकडे काही उरलं नाही म्हणून? मला ते तोंडातून काढवेना. म्हटलं, एका पोरीला तरी वाटू दे की आपली दरड आहे." तिचे ओठ थरथरले आणि तिने ते खुरप्याच्या मुठीने दाबून धरले. लुवेनियाने आजीला कधी रडताना पाहिलं नव्हतं. आजोबा गेले तेव्हासुद्धा नाही.

पाण्यातलं आकाश हळूहळू तांबूस झालं. मग लुवेनियाच्या डोक्यात काहीतरी आपलं आपण वळलं, झोपेत माणूस कूस बदलतं तसं.

"पण चव तर दुकानाची नव्हती," ती म्हणाली. "मी डोळे मिटून ओळखली होती."

"दुकानाची चव कशी चालेल? तू पहिल्याच घासाला थुंकली असतीस." म्हातारीने नाक पुसलं. "वर्षभर लागलं मला. आधी नुसती भाजली, करपली. मग झऱ्याच्या पाण्यात भिजवली, चिकट झाली. मीठ घातलं. व्हिनेगर घातलं, तेव्हा जरा जवळ आली. मग पीकनच्या काटक्यांचा धूर दिला. कधी व्हिनेगर जास्त, कधी आच जास्त. रोज थोडी जिभेवर ठेवायची आणि आईची चव आठवायची. जमेना की फेकायची. तुला ते वर्षभर सांगितलं होतं ना, दरडीवर साप निघालाय म्हणून?"

लुवेनियाच्या अंगावर काटा आला. म्हणजे निळं पाणी निवळलं ते थरामुळे नाही, आजीच्या या वर्षभराच्या खटपटीमुळे.

तेरा तारखेला तिने फॉर्म भरला. 'मूळ ठिकाण' या ओळीत लिहिलं, पेट्रोलपंपावरचं दुकान. खाली, जिथे काही लिहायला सांगितलं नव्हतं त्या जागेत, तिने लिहिलं की माझा अंदाज चुकीचा होता. थर खास नव्हता. ही माती मिस ओझेला गॅस्किन यांनी स्वयंपाकघरात तयार केली आहे, आणि त्यांनी ती का तयार केली तेही लिहिलं. कागद पुरला नाही तेव्हा दुसरा जोडला. मर्टिसने तो वाचला. "संपलं सगळं," ती म्हणाली. पण 'दरड गेली' या ओळीवर तिचं बोट अडकलं. मग ती उठून आपल्या आईजवळ ओसरीवर जाऊन बसली. दोघी एकमेकींशी काय बोलल्या, ते लुवेनियाला ऐकू आलं नाही. बाहेरचा दिवा मात्र नेहमीपेक्षा उशिरा बंद झाला.

अकरा दिवस काहीच आलं नाही. बाराव्या दिवशी दुपारी जेवणं चालू असताना फोन वाजला. लुवेनिया उभी राहून, दोन्ही हातांनी फोन धरून ऐकत होती. "हो मॅडम. हो. दुकानातली, हो मॅडम. नाही मॅडम, मला सगळं नाही सांगता येणार." मग तिचा चेहरा विचित्र झाला. तिने फोन आजीपुढे धरला. "डॉक्टर रकर. त्यांना तुझ्याशी बोलायचंय."

मिस ओझेलाने हात पुसले, केसांवरून हात फिरवला आणि फोनमध्ये ओरडली, "कोण बोलतंय? रकर? तुम्ही कुठल्या रकर? अलाबामाच्या का? नदीकडच्या? तुमची आई कोण मग? अस्सं. आणि ती खायची का?"

मर्टिसने घास तसाच हातात धरला होता.

"वाटलंच मला," म्हातारी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "आणि तू गं? खोटं नको बोलूस, मी तुझ्या आईच्या वयाची आहे." मग ती हसली. खुर्ची ओढून बसली. "हां, विचार. नाही, घड्याळ लावत नाही मी, वासावर काढते. आंबटपणा जाऊन ओल्या दगडासारखा वास आला की काढायची. व्हिनेगर? दोन वाट्यांना अर्धी. नाही, आधी पाऊण घातलं होतं, ते वाईट झालं. अगं, पहिल्या वेळी कुणाचं जमतं? चौदा वेळा फेकली मी. आठवतात तर! सगळ्या चौदा आठवतात. सांगू?"

आणि ती सांगायला लागली. पहिली, दुसरी, तिसरी. कुठे काय चुकलं, चव कशी बिघडली, मग तिने काय बदललं. मध्ये मध्ये थांबायची, कारण पलीकडची बाई लिहून घेत होती. ऐंशी वर्षांत त्या घरात मोठ्या इमारतींतून बरेच कागद आले होते, सही करायला. कुणी विचारायला फोन केला नव्हता. लुवेनिया भिंतीला टेकून उभी होती. आत्ता फेलोशिपचं विचारावं असं तिला वाटत होतं, पण मध्ये बोलवेना.

चौदा झाल्या. म्हातारी थोडा वेळ नुसतं ऐकत राहिली, "हं, हं" म्हणाली, आणि फोन ठेवून दिला. लुवेनियाला परत न देताच.

"आई!" मर्टिस किंचाळली. "अगं, फेलोशिपचं काय म्हणाली ती?"

"ते होय?" मिस ओझेलाने ताट पुढे ओढलं. "तिकडे सप्टेंबरातच थंडी पडते म्हणाली. पोरीला जाड कोट घेऊन पाठवा. आणि येताना माझ्या त्या चौदाही नीट लिहून आण म्हणाली, तिच्या लिहिण्यात काही सुटलं असेल."